डेव्हलिन, बर्नाडेट

डेव्हलिन, जोसेफीन बर्नाडेट : (२३ एप्रिल १९४७ – ). उत्तर आयर्लंडमधील नागरी हक्क चळवळीची एक अग्रगण्य नेत्री व ब्रिटिश संसदेची माजी सदस्या. विवाहोत्तर नाव बर्नाडेट डेव्हलिन मॅकॅलिस्की. १७ एप्रिल १९६९ रोजी वयाच्या बाविसाव्या वर्षात ती मिड अल्स्टर मतदारसंघातून कॉमन्स सभागृहावर निवडून आली. स्त्री-सदस्यांपैकी सर्वांत अल्पवयीन सदस्या हा तिचा मान पुढे सेहेचाळीस वर्षे अबाधित राहिला.

तिचा जन्म टिरोन परगण्यातील कुकस्टाउन या गावी एका गरीब रोमन कॅथलिक कुटुंबात झाला. सहा भावंडांत ती तिसरी. वडील जॉन जेम्स डेव्हलिन हे सुतारकाम करीत. गावाकडे पुरेसे काम न मिळाल्यामुळे त्यांना पोटासाठी इंग्लंडला जावे लागे. बर्नाडेट नऊ वर्षांची असताना ते वारले आणि त्यानंतर कुटुंबाचा निर्वाह मुख्यत्वे सरकारी साहाय्यावर झाला. डंगॅनन येथील सेंट पॅट्रिक्स गर्ल्स अकॅडमी या कॅथलिक शाळेत शिक्षण घेऊन १९६५ मध्ये तिने बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्रवेश मिळविला. मानसशास्त्र हा तिचा विषय होता. जानेवारी १९६७ मध्ये आईचे निधन झाले व धाकट्या भावंडांची जबाबदारी विद्यार्थिदशेतच तिच्यावर पडली. १९४७ च्या शिक्षणविषयक कायद्याने उत्तर आयर्लंडमधील निर्धन कॅथलिक मुलांना माध्यमिक व उच्च शिक्षणाची दारे प्रथमच मोठ्या प्रमाणावर खुली झाली. या कायद्याचा लाभ घेऊन विद्यापीठात पोहोचलेल्या पहिल्या पिढीची ती प्रतिनिधी होय. या पिढीला इंग्लंडमधील समवयस्कांना मिळणारे हक्क ठाऊक होते व आपल्याकडे ते नाहीत, हेही दिसत होते.

हे हक्क कोणते, हे समजून घेतल्याखेरीज तिच्या राजकीय जीवनाचा उलगडा होत नाही. १९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेकडील सहा परगण्यांसाठी स्वतंत्र विधिमंडळ स्थापन झाले. बेलफास्टजवळील स्टॉर्मांट येथे भरणाऱ्या या विधिमंडळात १९२१ पासून प्रॉटेस्टंटांच्या युनियनवादी पक्षाचेच अखंड बहुमत होते. संसदेच्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढास मत असे परंतु नगरपालिका व परगणा मंडळे यांच्या निवडणुकीत घरपट्टी भरणारा कुटुंबप्रमुख व त्याचा जोडीदार एवढ्यांनाच मताधिकार होता. पोटभाडेकरू, आईवडिलांकडे राहणारी प्रौढ मुले व घरातील इतर माणसे मतदार नव्हती. याउलट मर्यादित कंपन्यांना त्यांच्या मालमत्तेच्या मूल्यानुसार सहापर्यंत मतदार नेमता येत. सार्वजनिक घरांचे वाटप याच स्थानिक संस्थांच्या हाती असे. तेव्हा घर नाही म्हणून मत नाही आणि मत नाही म्हणून घर नाही, असे हे चक्र होते. डेरी (लंडनडेरी) शहरात कॅथलिकांचे मोठे बहुमत असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या, की नगरपालिकेत बारा युनियनवादी व आठ राष्ट्रवादी सदस्य निवडून येत. या गाऱ्हाण्यांची दाद वेस्टमिन्स्टरलाही लागत नसे कारण स्टॉर्मांटकडे सोपविलेल्या विषयांची चर्चा कॉमन्स सभागृहात होऊ नये, असा संकेत तेथील सभापतींच्या १९२३ मधील निर्णयापासून रूढ झाला होता. उत्तर आयर्लंडचे बारा सदस्य त्या सभागृहात बसत पण त्यांच्या प्रांताचा कारभार तेथे क्वचितच चर्चिला जाई.

जून १९६८ मध्ये डंगॅननजवळील कॅलडन या खेड्यात एक सार्वजनिक घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीस देण्यात आले. मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबे त्यासाठी ताटकळत होती. या प्रकरणातून उसळलेल्या असंतोषामुळे २४ ऑगस्ट १९६८ रोजी कोलआयलंड ते डंगॅनन असा नागरी हक्क चळवळीचा पहिला मोर्चा निघाला. बर्नाडेट त्यात सामील झाली. ५ ऑक्टोबर रोजी डेरी येथील बंदी मोडून निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठीमार केला. तेथे आयरिश दूरचित्रवाणीचा छायाचित्रकार हजर असल्यामुळे ही दृश्ये जगभर पोहोचली. त्यानंतर चारच दिवसांनी क्वीन्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘पीपल्स डेमॉक्रसी’ ही संघटना उभी केली व तिच्या पुढाऱ्यांत बर्नाडेटची गणना होऊ लागली. १ जानेवारी १९६९ रोजी या संघटनेने बेलफास्ट ते डेरी अशी पदयात्रा काढली. चौथ्या दिवशी बर्नटॉलेट पुलाजवळ तीवर दगड व दंडुके घेऊन दबा धरलेल्या जमावाने हल्ला चढविला. हल्लेखोरांत सुटीवर असलेले राखीव पोलीसही होते. या प्रसंगाने सुधारणा हळूहळू होतील, ही मवाळांची आशा पुष्कळ अंशी संपुष्टात आली.

स्टॉर्मांटचे पंतप्रधान टेरेन्स ओनील यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये विधिमंडळाच्या निवडणुका घेतल्या. त्यांत बर्नाडेटने साउथ लंडनडेरी मतदारसंघात कृषिमंत्री जेम्स चिचेस्टर-क्लार्क यांच्याविरुद्ध उमेदवारी केली. ती पराभूत झाली तथापि ९,१९५ मतांच्या विरुद्ध तिने ५,८१२ मते मिळविली. त्या काळी स्टॉर्मांटच्या कित्येक जागा बिनविरोध भरल्या जात, हे लक्षात घेता एका विद्यार्थिनीने मिळविलेली ही मते नगण्य नव्हती.

याच सुमारास मिड अल्स्टरची वेस्टमिन्स्टरमधील जागा युनियनवादी सदस्य जॉर्ज फॉरेस्ट यांच्या निधनाने रिकामी झाली. या मतदारसंघाचा पूर्वेतिहास लक्षणीय आहे. तेथे कॅथलिक मतदार थोडे अधिक होते व सर्वांनी एकाच उमेदवारास मते दिल्यास जागा राष्ट्रवाद्यांकडे जाई. १९५५ मध्ये शिन फेन पक्षाचा तुरुंगात असलेला उमेदवार टॉम मिचेल दोनदा निवडून आला व शिक्षा झालेला कैदी म्हणून अपात्र ठरला. १९५६ च्या पोटनिवडणुकीत मात्र राष्ट्रवादी मते दोघांत विभागली गेली आणि फॉरेस्ट यांचा विजय झाला. १९६९ मध्ये हा धडा कोणी विसरले नव्हते. राष्ट्रवादी व प्रजासत्ताकवादी या दोन्ही गटांतील इच्छुक मागे सरले व कोणत्याच जुन्या गटाची नसलेली बर्नाडेट ‘एकता’ उमेदवार म्हणून पुढे आली. तिच्या विजयाचे श्रेय सामान्यतः तिच्या तारुण्यास व वक्तृत्वास दिले जाते पण ते अपुरे आहे. जुन्या पुढाऱ्यांना एकमेकांसाठी माघार घेणे जड होते, तिच्यासाठी ते त्यामानाने सोपे ठरले. फॉरेस्ट यांच्या विधवा पत्नी ॲना फॉरेस्ट या प्रतिस्पर्धी होत्या. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान होऊन बर्नाडेटला ३३,६४८ व श्रीमती फॉरेस्ट यांना २९,४३७ मते पडली.

त्या वेळी ब्रिटनमध्ये मतदानाचे व उमेदवारीचेही किमान वय एकवीस होते म्हणजे कायद्याने ज्या वयात प्रथम मत देता येई, त्याच वयात ती निवडून आली. (भारतात लोकसभेच्या उमेदवारीसाठी पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात.) धाकटा पिट १७८१ मध्ये एकविसाव्या वर्षी संसदेत गेला होता, तो एका जमीनदाराच्या मर्जीतील मतदारसंघातून. प्रौढ मताधिकाराच्या युगात इतक्या लहान वयात कोणी निवडून आल्याचे उदाहरण तोवर नव्हते.

आयरिश प्रजासत्ताकवाद्यांमध्ये वेस्टमिन्स्टरवर बहिष्कार टाकण्याची, म्हणजे निवडून येऊनही शपथ न घेण्याची, परंपरा होती. बर्नाडेटने ती मोडली. २२ एप्रिल १९६९ रोजी, बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने शपथ घेतली आणि त्याच दिवशी उत्तर आयर्लंडवरील तातडीच्या चर्चेत भाग घेतला. नव्या सदस्याने काही काळ मौन पाळावे व पहिल्या भाषणात वादग्रस्त विषय टाळावेत, असे दोन्ही सांसदीय संकेत तिने एकदमच बाजूला ठेवले. तिच्या आधी लंडनडेरीचे युनियनवादी सदस्य रॉबिन चिचेस्टर-क्लार्क बोलले होते. दोन महिन्यांपूर्वी तिला पराभूत करणाऱ्या जेम्स यांचे ते बंधू. त्यांच्या प्रतिपादनाचा तिने कठोर समाचार घेतला. घरांची टंचाई, बेकारी व जमीनदारवर्गाची सत्ता हे प्रश्न केवळ धर्मभेदाचे नसून दोन्ही पंथांच्या गरिबांचे आहेत, ही तिच्या भाषणातील मध्यवर्ती भूमिका होती. स्टॉर्मांट बरखास्त करणे, आर्थिक निर्बंध लादणे, सैन्य पाठविणे अशा उपायांचा तिने ऊहापोह केला व सैन्य पाठविण्याच्या परिणामांबद्दल इशारा दिला. भाषण टिपणांवाचून झाले आणि विरोधी मताच्या सदस्यांनीही त्याची वाखाणणी केली. पुढील घटना पाहता त्या भाषणातील इशाऱ्याचे महत्त्व त्याच्या वक्तृत्वापेक्षा अधिक आहे.

त्याच आठवड्यात युनियनवादी पक्षाने स्थानिक निवडणुकांत सार्वत्रिक प्रौढ मताधिकार मान्य केला. मोर्चांची मुख्य मागणी अशा रीतीने मान्य झाली पण तिच्यामुळे पक्षात फूट वाढून ओनील यांनी २८ एप्रिल रोजी राजीनामा दिला व जेम्स चिचेस्टर-क्लार्क पंतप्रधान झाले. संसदेतील भाषण आणि मताधिकाराचा निर्णय यांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे होईल परंतु पोटनिवडणुकीच्या निकालाने लंडनचे लक्ष उत्तर आयर्लंडकडे वेधले गेले, हे निश्चित.

१२ ऑगस्ट १९६९ रोजी डेरी येथे युनियनवाद्यांच्या वार्षिक मिरवणुकीवरून दंगल सुरू झाली. पोलिसांनी बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत शिरू नये, म्हणून रहिवाशांनी रस्त्यांवर अडथळे उभारले व दगड आणि पेट्रोलबाँब यांचा मारा केला. हा संघर्ष ‘बॉगसाइडची लढाई’ म्हणून ओळखला जातो. बर्नाडेट त्यात अग्रभागी होती. १४ ऑगस्ट रोजी ब्रिटिश सैन्य डेरीत दाखल झाले. वस्तीतील अनेकांनी आरंभी त्याचे स्वागत केले. ती मात्र त्याविषयी साशंकच राहिली. त्यानंतर मदतनिधी उभारण्यासाठी ती अमेरिकेस गेली. तेथे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव ऊ थांट यांची तिने भेट घेतली. न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी तिला नगराची मानाची किल्ली अर्पण केली. अमेरिकेतील आयरिश वंशीयांनी तिचे जल्लोषात स्वागत केले खरे परंतु त्यांतील अनेकांचा कृष्णवर्णीयांविषयीचा दृष्टिकोन पाहून ती अस्वस्थ झाली. डेरीत कॅथलिकांची जी स्थिती, तीच अमेरिकेत कृष्णवर्णीयांची, असे तिचे मत झाले. ती किल्ली तिने पुढील वर्षी एका सहकाऱ्यामार्फत ‘ब्लॅक पँथर’ संघटनेस देऊन टाकली. याच वर्षी ‘द प्राइस ऑफ माय सोल’ हे तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. विद्यापीठातील तिचा अभ्यासक्रम मात्र अपुराच राहिला.

दंगलीस चिथावणी दिल्याच्या आरोपावरून डिसेंबर १९६९ मध्ये तिला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपील चालू असतानाच जून १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांनी तिला पूर्वीपेक्षा अधिक मताधिक्याने निवडून दिले. निकालानंतर आठवडाभरातच तिला अटक होऊन आर्मा येथील तुरुंगात ठेवण्यात आले. सुमारे चार महिन्यांनी तिची सुटका झाली. तिच्या लोकप्रियतेला पहिला तडा गेला तो राजकीय कारणाने नव्हे. १९७१ मध्ये अविवाहित असताना तिला कन्या झाली. ज्या मतदारांनी दंगलीच्या खटल्यात तिची पाठराखण केली, त्यांतील सनातनी कॅथलिकांना ही गोष्ट रुचली नाही. तुरुंगवास क्षम्य आणि मातृत्व अक्षम्य, ही त्या समाजाची तऱ्हा होती. २३ एप्रिल १९७३ रोजी मायकेल मॅकॅलिस्की या शिक्षकाशी तिचा विवाह झाला.

दरम्यान ऑगस्ट १९७१ पासून सरकारने खटल्यावाचून स्थानबद्धतेचे सत्र आरंभिले होते. त्याच्या निषेधार्थ ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत निघालेल्या मोर्चावर पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळीबार करून तेरा जणांस ठार केले. आणखी एक जखमी पुढे मरण पावला. बर्नाडेट त्या वेळी व्यासपीठावर भाषणाच्या तयारीत होती. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी कॉमन्स सभागृहात निवेदन केले. आधी आपल्यावर हल्ला झाला म्हणून सैनिकांनी गोळीबार केला, असे त्याचे तात्पर्य होते. सभागृहातील सदस्यांपैकी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेली ती एकटीच. प्रत्यक्षदर्शी सदस्यास बोलू देण्याची तिची मागणी सभापतींनी मान्य केली नाही. तेव्हा तिने गृहमंत्र्यांना असत्यवादी ठरविले आणि सभागृह ओलांडून त्यांच्या श्रीमुखात भडकाविली. या कृत्याबद्दल खेद व्यक्त करण्यास तिने नकार दिला. ब्रिटिश वृत्तपत्रांत त्या दिवशी मृतांपेक्षा या प्रकाराचीच चर्चा अधिक झाली. सांसदीय शिष्टाचाराच्या दृष्टीने तिच्या कृत्याचे समर्थन करता येणार नाही तथापि ज्या निवेदनावर ती चवताळली, ते खोटे होते. लॉर्ड विजरी यांच्या १९७२ च्या अहवालाने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले. १९९८ मध्ये नेमलेल्या लॉर्ड सॅव्हिल यांच्या चौकशीपुढे तिनेही साक्ष दिली. गोळीबार असमर्थनीय होता व मृतांपैकी कोणाकडूनही सैनिकांच्या जिवास धोका नव्हता, असा निष्कर्ष या चौकशीने १५ जून २०१० रोजी जाहीर केला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी त्याच दिवशी सभागृहात देशाच्या वतीने क्षमा मागितली. संसदेला हे कळण्यास अडतीस वर्षे लागली.

मार्च १९७२ मध्ये स्टॉर्मांटचे विधिमंडळ स्थगित होऊन लंडनचा प्रत्यक्ष अंमल सुरू झाला. त्यानंतर राष्ट्रवादी राजकारणाचे स्वरूप पालटले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोशल डेमॉक्रॅटिक अँड लेबर’ पक्षाने मवाळ कॅथलिक मतदारांना संघटित केले होते. बर्नाडेट त्या पक्षात गेली नाही. तिचा समाजवाद त्या पक्षास झेपणारा नव्हता आणि स्वतःचा पक्ष बांधण्याकडे तिने लक्ष दिले नव्हते. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत त्या पक्षाने नागरी हक्क चळवळीतील तिचाच जुना सहकारी आयव्हन कूपर यास मिड अल्स्टरमध्ये उभे केले. मते दोघांत विभागली जाऊन युनियनवादी जॉन डनलॉप निवडून आले. कूपर दुसरे व बर्नाडेट तिसरी आली. अशा रीतीने सव्वीस वर्षे वयाची असतानाच तिची सांसदीय कारकीर्द संपली. ती पाच वर्षांहूनही थोडी कमी भरली.

त्यानंतरही ती राजकारणात राहिली, परंतु कोणत्याही संघटनेत फार काळ रमली नाही. डिसेंबर १९७४ मध्ये सीमस कॉस्टेलो यांच्याबरोबर तिने ‘आयरिश रिपब्लिकन सोशॅलिस्ट’ पक्षाची स्थापना केली. या पक्षाशी संलग्न असलेले सशस्त्र दल पक्षाच्या नियंत्रणाखाली असावे, हा तिचा आग्रह मान्य न झाल्याने वर्षभरात तिने पक्ष सोडला. १९७९ मध्ये यूरोपीय संसदेच्या पहिल्या प्रत्यक्ष निवडणुकीत तिने राजकीय कैद्यांच्या प्रश्नावर उमेदवारी केली. तीत सुमारे सहा टक्के मते मिळाली. कैद्यांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या समितीची ती प्रमुख प्रवक्ती झाली. १६ जानेवारी १९८१ रोजी युनियनवादी सशस्त्र गटाच्या बंदूकधाऱ्यांनी कोलआयलंडजवळील तिच्या घरात घुसून तिच्यावर व तिच्या पतीवर गोळ्या झाडल्या. मुले घरातच होती. सैनिकांची एक तुकडी त्या वेळी घरावर पाळत ठेवून होती, तरीही हल्ला टळला नाही. हल्लेखोर पुढे पकडले जाऊन त्यांना शिक्षा झाल्या. गंभीर जखमी झालेले दोघेही पतिपत्नी बचावले व बर्नाडेट काही महिन्यांतच पुन्हा प्रचारात उतरली. त्या वर्षीच्या उपोषणात बॉबी सँड्स व त्याचे नऊ सहकारी मरण पावले. १९८२ मध्ये तिने डब्लिनमधून आयरिश संसदेची निवडणूक दोनदा लढविली पण यश आले नाही.

१९९८ च्या गुड फ्रायडे कराराला तिचा विरोध होता. या कराराने पांथिक विभागणी नाहीशी न होता राज्यव्यवस्थेतच पक्की होते, असा तिचा आक्षेप होता. १९९७ मध्ये डंगॅनन येथे स्थापन झालेल्या ‘साउथ टिरोन एम्पॉवरमेंट प्रोग्रॅम’ या संस्थेच्या उभारणीत तिचा मोठा वाटा आहे. या भागातील मांसप्रक्रिया कारखान्यांत काम करण्यासाठी पोर्तुगाल, पूर्व तिमोर, लिथ्युएनिया इ. देशांतून आलेल्या कामगारांना घरे, वेतन व कायदेशीर हक्क यांबाबत ही संस्था साहाय्य करते. डंगॅननमध्येच घरांच्या वाटपावरून १९६८ चा पहिला मोर्चा आला होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. २००३ मध्ये शिकागो विमानतळावर अमेरिकेने तिला राष्ट्रीय सुरक्षिततेस धोका म्हणून प्रवेश नाकारला. लिलिया डूलन यांनी तिच्या राजकीय प्रवासावर काढलेला अनुबोधपट २०११ मध्ये प्रदर्शित झाला. डेरीच्या बॉगसाइडमधील एका मोठ्या भित्तिचित्रातही तिची तरुणपणीची प्रतिमा आढळते.

उमेदवारीचे किमान वय ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने अठरा झाले. त्यानंतर मे २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली अँड रेन्फ्र्यूशर साउथ मतदारसंघातून मेरी ब्लॅक ही वीस वर्षांची विद्यार्थिनी निवडून आली व बर्नाडेटचा विक्रम मोडला. मिड अल्स्टरमध्ये १९८३ साली राष्ट्रवादी मते पुन्हा विभागली जाऊन युनियनवादी विल्यम मॅक्री अवघ्या ७८ मतांनी विजयी झाले. १९९७ मध्ये ती जागा शिन फेनचे मार्टिन मगिनेस यांनी जिंकली व तेव्हापासून ती त्याच पक्षाकडे आहे. जुन्या बहिष्काराच्या धोरणानुसार तिचे सदस्य सभागृहात बसत नाहीत.